दोन पारपत्रे आणि एक माणूस



व्याख्यानमालेच्या चालकांना मी आजचा विषय कळवला तेव्हा त्यांतील एका गृहस्थांनी विचारले की, पारपत्राचा प्रश्न हा श्रीमंतांचा प्रश्न. तुम्ही तर कामगारांत वावरता, तुमचा त्याच्याशी संबंध काय? शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर प्रथम देतो. आपल्या कोकणातील आणि गोव्यातील माणूस पोटासाठी दर्यावर गेला, मुंबईच्या गोदीत गेला, आखातात गेला, पुढे विलायतेत गेला. श्रीमंत माणूस परदेशी जातो तो हौसेने किंवा व्यापाराने. आमचा माणूस जातो तो चुलीसाठी. पारपत्र हे त्याचे हत्यार आहे. सुताराला रंधा तसे त्याला पारपत्र. आणि आपले हत्यार कसे धरावे हे ज्याला कळत नाही त्याचा हात कापतो.

मी कायदेपंडित नव्हे. माझे शाळेतले शिक्षण फार झाले नाही. गोदीत कामाला लागलो, तेथून खलाशांच्या संघटनेत आलो, आणि कायद्याची जी काही पुस्तके वाचली ती माणसे अडकली म्हणून वाचली. तेव्हा मी सांगेन ते कचेरीतल्या बाकावर बसून शिकलेले आहे असे समजून ऐकावे.

प्रथम पारपत्र म्हणजे काय ते पाहू. आपल्या पारपत्राच्या आरंभी राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली असते. ती अशी की, हे पत्र बाळगणाऱ्याला निर्वेधपणे जाऊ द्यावे, आणि गरज पडल्यास त्याला साहाय्य व संरक्षण द्यावे. म्हणजे हे पत्र एका सरकारने दुसऱ्या सरकारला लिहिलेले आहे. आपण केवळ ते वाहून नेणारे. म्हणूनच १९६७ च्या पारपत्र कायद्याने सांगितले आहे की, पारपत्र ही सदैव केंद्र सरकारची मालमत्ता आहे. आखातातला मालक कामगाराचे पारपत्र आपल्या तिजोरीत ठेवतो, तेव्हा तो कामगाराचा हक्क तर मारतोच, पण भारत सरकारची वस्तूही अडकवून ठेवतो, हे आमच्या लोकांना मी नेहमी सांगतो.

ही व्यवस्था सनातन आहे असेही नाही. पहिल्या महायुद्धाच्या आधी युरोपातील बहुतेक देशांत पारपत्रावाचून फिरता येत असे. युद्धाने कुंपणे घातली, युद्ध संपल्यावर ती तशीच राहिली. आपल्याकडे पारपत्राचा कायदा आला तो १९२० साली. परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, सरकारची मेहेरबानी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते १९६७ साली, सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात. आणि त्यानंतर लगेच आजचा कायदा झाला.

आता ज्यांच्यापाशी कायद्याने दोन देशांची नागरिकत्वे आहेत त्यांचे पाहू. अशी माणसे जगात पुष्कळ आहेत. ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, पोर्तुगाल हे देश आपल्या नागरिकाला दुसरे नागरिकत्व ठेवू देतात. अशा माणसाने प्रवास कोणत्या पारपत्रावर करावा? नियम साधा आहे. ज्या देशाचे तुम्ही नागरिक, त्या देशाच्या दारात त्याच देशाचे पारपत्र दाखवावे. अमेरिकेचा कायदाच आहे की, तिच्या नागरिकाने देशात येताना आणि देशातून जाताना अमेरिकेचे पारपत्र बाळगावे. कॅनडाने २०१६ च्या नोव्हेंबरपासून हा नियम कडक केला. कॅनडाचे दुसरे नागरिकत्व असलेला माणूस केवळ परक्या पारपत्रावर विमानात चढू पाहील, तर त्याला बहुधा तिकीट-खिडकीवरच थांबवतात. विमान कंपनी तरी काय करील? अपुऱ्या कागदांचा उतारू नेला तर कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणण्याचा खर्चही तिच्याच माथी बसतो. म्हणून पारपत्राची पहिली झडती सरकारी अधिकारी घेत नाही. कंपनीचा कारकून घेतो.

तिसऱ्या देशात जाताना मात्र अशा माणसाला निवड असते. ज्या पारपत्राला व्हिसा लागत नाही ते तो दाखवतो. यात लबाडी काही नाही. मात्र ज्या पारपत्रावर आत शिरला त्याच पारपत्रावर त्याने बाहेर पडावे, आणि तिकिटावरचे नाव त्या पारपत्रावरील नावाशी अक्षरशः जुळते ठेवावे, एवढे पथ्य आहे.

पण बंधूंनो, व्हिसाची सोय हा या प्रश्नाचा लहान भाग आहे. मोठा भाग हा की, अडचणीच्या वेळी तुमच्या पाठीशी कोण उभे राहणार? १९३० साली हेग येथे राष्ट्रीयत्वाच्या कायद्यांसंबंधी करार झाला. त्याच्या चौथ्या कलमात म्हटले आहे की, एखादा माणूस दोन राज्यांचा नागरिक असेल, तर त्यांपैकी एका राज्याने दुसऱ्याविरुद्ध त्याची कड घेऊन उभे राहता कामा नये. साध्या भाषेत सांगायचे तर, तुम्ही एका घरात असताना दुसऱ्या घराने तुमच्यासाठी भांडायचे नाही. आता काही सरकारे हा नियम पूर्वीइतका कडक मानत नाहीत. पण जे सरकार तुम्हाला पकडून बसले आहे ते तर मानतेच!

याचे उदाहरण ताजे आहे. नाझनीन झाघरी-रॅटक्लिफ ही इराण आणि ब्रिटन या दोन्ही देशांची नागरिक. २०१६ च्या एप्रिलमध्ये माहेरच्या माणसांना भेटून परत निघाली असता तेहरानच्या विमानतळावर तिला धरले. इराण दुसरे नागरिकत्व मानत नाही. त्याच्या लेखी ती फक्त इराणी होती, आणि ब्रिटिश वकिलातीच्या माणसाला तिला भेटू देण्याचे त्याला कारणच नव्हते. ती सुटून घरी पोचली २०२२ च्या मार्चमध्ये. सहा वर्षे गेली. दोन पारपत्रे म्हणजे दुप्पट संरक्षण असा ज्यांचा समज आहे त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात ही निवडच नाही. राज्यघटनेच्या नवव्या कलमाने आरंभीच सांगून टाकले की, ज्याने आपखुशीने परक्या राज्याचे नागरिकत्व घेतले तो भारताचा नागरिक नाही. १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्यातील नववे कलम तेच पुढे नेते: परके नागरिकत्व घेतले की भारताचे त्याच क्षणी गळून पडते. ते काढून घ्यावे लागत नाही, त्यासाठी हुकूम लागत नाही. देठ सुकला की पान गळते, तसे ते गळते. आणि नियमांत आणखी एक गोष्ट आहे. नागरिकाने परदेशी सरकारकडून पारपत्र मिळवले, हाच त्याने ते नागरिकत्व आपखुशीने घेतल्याचा निर्णायक पुरावा. हा नियम घटनेत बसतो काय, असा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि १९६२ साली इझहार अहमद खान यांच्या खटल्यात न्यायालयाने नियम कायम केला. पुढे १९६५ साली महंमद अयुब खान यांच्या खटल्यात एवढी मोकळीक दिली की, पारपत्र सक्तीने किंवा फसवणुकीने घ्यावे लागले असे कोणी म्हणत असेल तर त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे.

लहान मुलांपुरती मात्र कायद्याने थोडी वाट ठेवली आहे. परदेशी जन्मलेल्या भारतीयाच्या मुलाला जन्माने दोन नागरिकत्वे आली असतील, तर सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याने परके सोडावे, नाहीतर भारताचे जाते. म्हणजे दोन घरांत पाय ही गोष्ट कायदा बाळपणी सोसतो, मिसरूड फुटल्यावर सोसत नाही.

२००५ च्या दुरुस्तीनंतर ‘ओसीआय’ नावाचे कार्ड निघाले. त्याला लोक दुहेरी नागरिकत्व म्हणतात, तो भ्रम आहे. या कार्डावर भारतात येता येते, राहता येते, बहुतेक कामधंदाही करता येतो. पण मत देता येत नाही, निवडणुकीला उभे राहता येत नाही, सरकारी नोकरी सामान्यतः मिळत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. कार्ड हे पारपत्र नव्हे. ते परक्याला दिलेले आपुलकीचे पत्र आहे.

आता गोव्याकडे येतो. कारण आपल्या बाजूला हा प्रश्न खरा पेटला आहे तो तेथे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६२ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने हुकूम काढला की, जो स्वतः, किंवा ज्याचे आईबाप वा आजीआजोबा, २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मले, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक. ज्याला पूर्वीचे राष्ट्रीयत्व ठेवायचे असेल त्याने एका महिन्याच्या आत तसे लेखी कळवावे. एक महिना! पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रश्न, आणि मुदत एका महिन्याची.

काहींनी तसे लिहून दिले. त्यांपैकी एक ख्रिस्ती धर्मगुरू, मोन्सेन्योर रेमेदिओस मोंतेरो. त्यांनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्व ठेवले आणि राहिले मात्र आपल्याच गोव्यात. परदेशी माणूस म्हणून राहण्याचा परवाना १९६४ साली संपला, तो त्यांनी वाढवून घेतला नाही. खटला झाला, शिक्षा झाली, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यांच्या मताशी आपले जुळो वा न जुळो, त्यांनी आपली निवड उघडपणे केली आणि तिचे फळ उघडपणे भोगले. आपल्या जन्माच्या भूमीत परका ठरणे म्हणजे काय, हे त्या खटल्यात स्वच्छ दिसते.

पोर्तुगालमध्ये १९७४ साली हुकूमशाही पडली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य करणारा करार दिल्लीत झाला. पण तेथला कायदा मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आपलेच मानत राहिला. अशा माणसाने, किंवा त्याच्या मुलाने वा नातवाने, लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत जन्म नोंदवला की ओळखपत्र मिळते, आणि मग पारपत्र. यात धर्माचा प्रश्न नाही; सासष्टीतला ख्रिस्ती आणि पेडण्यातला हिंदू यांना नियम एकच. पोर्तुगाल १९८६ साली युरोपीय समुदायात गेला आणि या पारपत्राचे मोल वाढले. ते पारपत्र घेऊन माणूस ब्रिटनमध्ये व्हिसावाचून कामाला जाऊ लागला. स्विंडनसारख्या गावात गोंयकारांची मोठी वस्ती झाली. २०२० च्या अखेरीस ब्रिटनचे ते दार बंद झाले. युरोपचे बाकी दरवाजे उघडे आहेत.

आता प्रश्न येतो तो असा. घरी भारताचे पारपत्र आहे, लिस्बनहून दुसरे आले आहे. माणूस विचारतो, “भाई, दोन्ही ठेवली तर बिघडतं काय?”

बिघडते कसे ते सांगतो. समजा, दाबोळीहून वा मोपाहून लिस्बनला निघालात. तपासणीच्या खिडकीवर भारताचे पारपत्र दाखवलेत, तर त्यावर पोर्तुगालचा व्हिसा नाही. अधिकारी विचारतो, तेथे उतरणार कसे? पोर्तुगालचे दाखवलेत, तर त्यावर भारताचा व्हिसा नाही आणि ओसीआय कार्डही नाही. अधिकारी विचारतो, येथे राहिलात कसे? दोन्ही बाजूंनी खिडकी एकच प्रश्न विचारते, आणि त्याला खरे उत्तर एकच आहे. शिवाय परक्या देशाचा नागरिक असून ते लपवून भारताचे पारपत्र काढणे, हा एक ते पाच वर्षांच्या कैदेचा आणि दहा ते पन्नास हजार रुपये दंडाचा गुन्हा आहे.

वकील यावर मांडतात की, आमच्या अशिलाने परके नागरिकत्व ‘घेतले’ नाही, ते आजोबांपासून आलेलेच होते. लिस्बनला केवळ नोंद केली. युक्तिवाद विचार करण्यासारखा आहे. गोव्यातल्या काही लोकप्रतिनिधींवरही जन्मनोंदणीवरून असे वाद झाले आहेत. परंतु पारपत्र हातात घेतले की वर सांगितलेला निर्णायक पुराव्याचा नियम आडवा येतो. म्हणून निवड करायची ती विमानतळावर नव्हे. लिस्बनच्या अर्जावर सही करण्यापूर्वी. दलाल हे सांगत नाही. दलाल फक्त फी सांगतो.

पण खटल्याच्या भीतीपेक्षाही मला दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते, आणि तीच सांगण्यासाठी मी आज उभा आहे. एका जहाजावरच्या भंडाऱ्याची, म्हणजे स्वयंपाक्याची, हकीकत सांगतो. त्याचा चार महिन्यांचा पगार थकला. २००६ चा सागरी कामगार करार म्हणतो की, खलाशाचा पगार जास्तीत जास्त महिन्याच्या अंतराने मिळालाच पाहिजे; भारतानेही तो करार मान्य केला आहे. म्हणजे तक्रार हमखास यशस्वी होण्याजोगी. जहाजावरच्या इतरांनी सह्या केल्या. याने केली नाही. कारण नोकरी देणाऱ्या दलालाला ठाऊक होते की, याची नळी, म्हणजे खलाशीपणाचा दाखला, भारताचा. आणि पेटीच्या तळाशी दुसऱ्या देशाचे पारपत्र. दोन्हींवर नावाचे स्पेलिंगही वेगळे. दलालाने त्याला धमकी दिली नाही. फक्त एकदा हसून विचारले, “दोन्ही कागद नीट ठेवलेस ना?” एवढेच पुरे झाले. बाकीच्यांचा पगार आला. त्याला मिळाला तो अर्धा, आणि तोही उपकार केल्यासारखा.

मंडळी, संपात उतरणारा माणूस मी पाहिला आहे आणि न उतरणाराही पाहिला आहे. जो उतरत नाही तो भित्रा असतोच असे नाही. पुष्कळदा त्याच्या खिशात काहीतरी लपवलेले असते: खोटी जन्मतारीख, दुसऱ्याच्या नावाचा दाखला, संपलेला व्हिसा. लपवलेला कागद हा मालकाच्या हातातला लगाम आहे. माणूस ज्या पारपत्रावर उजळ माथ्याने ‘मी या देशाचा’ असे म्हणू शकतो, त्याच पारपत्रावर तो उजळ माथ्याने ‘माझा पगार द्या’ असेही म्हणू शकतो. दोन पारपत्रे अंधारात ठेवणाऱ्याला दोन देश मिळत नाहीत; अडचणीच्या वेळी त्याच्यापाशी एकही देश नसतो. या वकिलातीत जावे तर तुम्ही आमचे नाही, त्या वकिलातीत जावे तर तुमचे कागद जुळत नाहीत.

याचा अर्थ असा नव्हे की, पोर्तुगालचे पारपत्र घेणारा तो देशद्रोही. असे म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांना मी विचारतो: सेंट किट्स आणि नेव्हिस या बेटांनी १९८४ पासून पैसे गुंतवणाऱ्याला नागरिकत्व देण्याची सोय करून ठेवली आहे. धनवान तेथे नागरिकत्व विकत घेतो, त्याला आपण जगाचा माणूस म्हणतो. गोव्याचा पोरगा आजोबांच्या जन्मनोंदीवर विलायतेत गोदामात पेट्या उचलायला जातो, त्याला मात्र देशद्रोही म्हणतो. हा न्याय नव्हे. ज्या गावात काम नाही त्या गावाने, काम शोधायला गेलेल्याला नावे ठेवू नयेत.

दुसरे काही मित्र म्हणतात, भारताने दुहेरी नागरिकत्व द्यावे म्हणजे झगडाच मिटेल. मला ते पटत नाही. येथल्या निवडणुकीत मत देणाऱ्याने येथल्या निर्णयाचे बरेवाईट येथेच भोगावे, हा घटनाकारांचा विचार मला योग्य वाटतो. पण निवड एकच असावी असे ज्या सरकारला वाटते, त्याने ती निवड करणे सोपे आणि स्वच्छ केले पाहिजे. नुसत्या जन्मनोंदणीने काय होते आणि पारपत्राने काय होते, हे सरकारने साध्या मराठीत व कोंकणीत छापून गावोगाव लावावे. जो आपण होऊन भारताचे पारपत्र परत करायला येतो, त्याला गुन्हेगारासारखे वागवू नये. मध्यंतरी गोव्यातल्या अनेकांची पारपत्रे ‘परत केली’ असे न धरता ‘रद्द केली’ असे धरले जाऊ लागले, आणि ओसीआय कार्डासाठी तर परत केल्याचा दाखला लागे. पुष्कळ घरे या पेचात अडकली. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने रद्द केल्याचा हुकूमही चालेल असे सांगितले, तेव्हा पेच थोडा सैल झाला. लोकांनी आवाज उठवला म्हणून झाला, हे विसरू नये.

ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांना माझे सांगणे थोडक्यात असे. अर्ज करण्यापूर्वी घरात बसून हिशेब मांडा. मिळणार काय ते एका बाजूला, आणि मत, सरकारी नोकरी, शेतजमीन घेण्याचा हक्क हे दुसऱ्या बाजूला. हिशेब करताना बायकोला आणि मोठ्या मुलांना विचारा, कारण त्यांचाही देश ठरतो आहे. दुसरे पारपत्र घ्यायचे ठरले तर भारताचे रीतसर परत करा, त्याचा कागद जपून ठेवा, आणि मग ओसीआय कार्ड काढा. सर्व कागदांवर नाव एकच ठेवा. घ्यायचे नाही असे ठरले तर दलालाच्या सांगण्यावरून ‘पुढेमागे उपयोगी पडेल’ म्हणून काढून ठेवू नका. आणि परदेशी कोणत्याही मालकाच्या हाती ते देऊ नका, मग ते कोणत्याही देशाचे असो.

दोन्हींपैकी कोणतेही पारपत्र निवडा. मी कोणाला दोष देणार नाही. मात्र निवडाल ते असे निवडा की, खिडकीवर विचारले असता खाली मान घालावी लागू नये. मान खाली घातलेल्या माणसाची संघटना बांधता येत नाही, हे मी तीस वर्षे काम करून शिकलो आहे.